सरदाराच्या पायातला काळा दोरा

मंडळी, आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच नको. घरी नेऊन द्या, चालेल.

आपलं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर टाकता येतं का?

हां! पुढच्या रांगेतले आबा लगेच मान हलवायला लागले — "छे छे!" अहो आबा, टाकतो की आपण! रोज टाकतो! सासू सुनेला बोलते, सून पोराच्या पाठीत धपाटा घालते, पोरगं जाऊन मांजराला लाथ मारतं! दुखणं निघालं सासूच्या गुडघ्यातनं आणि पोचलं मांजराच्या बरगडीत! हसा, हसा. बाया जास्त हसतायत, म्हणजे गोष्ट खरी आहे.

पण माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. टाकलेलं दुखणं जातं कुठं? कुठं तरी जाऊन बसतच असेल ना? आणि समजा — समजा हं! — एके दिवशी तिन्हीसांजेला ते परत आलं. तुमच्या दारात उभं राहिलं. तुमच्याकडे बघायला लागलं. तर दार उघडाल?

घ्या हरीचं नाव, आणि जरा जवळ जवळ सरकून बसा. आजची गोष्ट लांब लांब बसून ऐकायची नाही.

कड्याच्या पोटाशी एक वाडी होती. जांभूळखोल तिचं नाव. श्रावणात तिथं धुकं उतरायचं, आणि कसलं धुकं! भर दुपारी चुलीच्या उजेडानं भाकरी थापायची! शेजारची बाई अंगणात खोकली तर कळायचं की ती आहे. दिसायची नाही. माणसं एकमेकांना आवाजानं ओळखायची.

त्या वाडीत धुरपदा राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पदरात एकच लेक — अंजिरा. लग्नाच्या वयाची, उंच, कामाला वाघीण, बोलायला कमी. धुरपदेचा जीव त्या पोरीत. पोरगी ओढ्यावर गेली तरी ही दारात उभी. आणि अंजिराचा जीव कशात? सांगा बरं? कोंबड्यात!

ऐकलंत? 'कोंबडा' म्हटल्याबरोबर मागच्या रांगेत हालचाल झाली! तोंडाला पाणी सुटलं! अहो, गळ्यात माळ आहे ना? मग रस्सा विसरा आणि ऐका!

खुराड्यातली कोंबडी मुंगसानं मारली. तिच्या खालच्या अंड्यांतलं एकच उबवून निघालं. एवढंसं पिल्लू, ओलं, थरथरणारं. अंजिरानं ते पदरात घेतलं, चुलीच्या उबेला ठेवलं, बोटावर कण्या घेऊन चारल्या. ते वाढलं. तांबडा रंग, शेपटीत हिरवी झाक, डोक्यावर तुरा नुकता कुठं लाल व्हायला लागलेला. चालायचा असा, जणू सगळी वाडी याच्या बापाची! म्हणून नाव ठेवलं सरदार. अंजिरा पुढं, सरदार मागं. ती पाण्याला गेली की हा पण निघाला पाण्याला!

आणि मग एक दिवस सरपण आणताना अंजिराच्या उजव्या पायात काटा मोडला. घोट्याच्या वर. काढला, पण टोक आत राहिलं. पाय सुजला, तांबडा झाला, मग काळसर झाला, ताप चढला. पोरगी अंथरुणावर बडबडायला लागली. धुरपदेनं तिला शेजाऱ्याच्या बैलगाडीत घालून खाली दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पाय चिरला, घाण काढली, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. म्हणाला, "पाय टेकायचा नाही. भिजवायचा नाही. जखम भरेपर्यंत चालायचं नाही."

दवाखाना झाला. पण आईचं मन! ते एका औषधानं भागतं होय? परत येताना वाटेतच ती सिदबा भगताच्या दाराशी उतरली.

हा सिदबा वाईट माणूस नव्हता बरं का. लबाड नव्हता. त्याच्या बापानं त्याला जे सांगितलं ते तो लोकांना सांगायचा, आणि त्याचा त्यावर विश्वास होता. तो म्हणाला, "उतारा कर. घरचाच कोंबडा पायजे. हातचं खाल्लेला. ज्या पायाला दुखणं, त्याच्या त्याच पायाला काळा दोरा बांध, गच्च. पोरीवरनं ओवाळ आन् शिवंवर सोड. सोडलास की माघारी फिर. मागं वळून बगू नगंस."

"आन् परत आला तर?"

"येत न्हाई. पन आलाच, तर उंबऱ्याच्या आत घिऊ नगंस. तो आत आला की पोरीचं दुखणं आत आलं म्हनून समज."

मंडळी, घरात कोंबडा एकच होता.

धुरपदा रडली. मी खोटं सांगणार नाही, खूप रडली. पण पोरगी तापानं फणफणलेली. तुम्ही काय केलं असतं? आई आहात ना? मग गप्प बसा आणि ऐका. तिन्हीसांजेला तिनं सरदाराला धरलं. त्यानं झटापटसुद्धा केली नाही — हात ओळखीचा! उजव्या पायाला काळा दोरा गुंडाळला, गाठ मारली. झोपलेल्या लेकीवरून त्याला ओवाळला. आणि धुक्यातून चालत शिवेच्या दगडापाशी गेली, त्याला खाली ठेवलं, वळली. मागनं पायाचा आवाज यायला लागला. टिकटिक, टिकटिक. तो तिच्या मागं यायला लागला होता, रोजच्यासारखा. तिनं मागं न बघता, हातानं मागं दगड भिरकावला. आवाज थांबला.

दोन-चार दिवसांत अंजिराचा ताप उतरला.

सगळी वाडी म्हणाली, उतारा लागू पडला! इंजेक्शनही त्याच दिवशी दिलं होतं बरं का, पण त्याचं नाव कोणी घेईना! बिचारं इंजेक्शन!

पोरगी उठून बसली. खुराड्याकडे बघितलं. धुरपदेनं भाकरी थापता थापता सांगितलं, "सरदाराला कोल्ह्यानं न्हेला गं."

अंजिरानं एवढंच विचारलं, "वरडला का गं तो?"

"न्हाई," धुरपदा म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली.

झालं. दिवस गेले. अंजिरा भिंतीला धरून चालायला लागली. धुरपदेच्या मनावरचं ओझं उतरलं. आणि मग एका भर दुपारी — धुकं गच्च, वाडीत चिडीचूप, बाया जात्याशी, म्हातारे घोंगडीत — शिवेच्या बाजूनं बांग आली.

"कु-कु-च्—"

आणि थांबली.

मृदंगवाले बुवा, थांबा जरा. वाजवू नका. पुढचं येईना, मंडळी! अर्धीच बांग! अहो, शिंक नाकात अडकली की माणूस कसा तोंड उघडं ठेवून बसतो? सगळी वाडी तशी बसली. जाती थांबली. आता येईल, मग येईल... नाही आलं. उरलेलं अर्धं त्या धुक्यातच राहिलं.

एक म्हातारी म्हणाली, "दुपारची बांग चांगली न्हवं." आणि दार लावून घेतलं. धुरपदेनं वर बघितलं तर अंजिरा जात्याचा खुंटा धरून बसलेली. डोळे मिटलेले. ऐकत होती.

त्या दिवशी तिन्हीसांजेला मागच्या दाराशी आवाज आला.

टक्... खर्र.

टक्... खर्र.

एक पाय टेकला, एक ओढला. धुरपदा चुलीपाशी होती, तिच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. तो आवाज परसातून आला, भिंतीच्या कडेकडेनं आला, दारापाशी येऊन थांबला. तिनं फटीला डोळा लावला.

पलीकडून एक डोळा तिच्याकडे बघत होता!

सरदार होता. पण काय झालं होतं त्याचं! पाठीवर मुंगसाचे दात, तिथली पिसं गेलेली, मांस उघडं पडलेलं, त्याला माश्या. तुरा एका बाजूनं फाटलेला. आणि उजवा पाय पोटाशी मुडपून धरलेला, फुगलेला. दोरा दिसतच नव्हता. सुताचा दोरा तो, धुक्यात भिजला, आवळला. आणि कोंबडा तर वाढीचा! दोरा काही वाढत नाही, मंडळी. पाय वाढतो. दोरा मांसात शिरला होता आणि वर कातडी यायला लागली होती.

धुरपदेचा हात कडीकडे गेला. पण आत तिची लेक भाकरी खात बसली होती, धडधाकट! हात मागं आला. तिनं केरसुणी घेतली, दार किलकिलं केलं आणि हाणली. "जा! जा रं बाबा! जा!"

तो गेला. टक्... खर्र. टक्... खर्र.

"कोन हाय गं?" आतून अंजिरा.

"कुत्रं," धुरपदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. तिसऱ्या दिवशी परत. ओरडायचा नाही, चोच मारायचा नाही. दारात उभा राहायचा आणि एका डोळ्यानं फटीकडे बघायचा, बस्स! काय मागत होता? दाणे? अहो, दाणे मागायला केरसुणी खाऊन कोण येतं? तो घरी आला होता. एवढंच. आपलं घर म्हणून आला होता.

धुरपदेची झोप गेली. तिनं उंबऱ्याला चुलीतल्या राखेची जाड रेघ ओढली. रोज संध्याकाळी रेघ, आणि उजाडल्यावर पहिलं काम — रेघ बघायची.

काही दिवस रेघेच्या बाहेरच खुणा असायच्या. एका पंजाची बोटं, आणि शेजारी ओढल्याची ओळ. आणि मग एका सकाळी बघते तर काय —

रेघेवर माणसाचं पाऊल!

बाहेरून आत आलेलं नाही. आतून बाहेर गेलेलं! उजवं पाऊल, अनवाणी. नुसता चवडा उमटलेला, टाच टेकलेलीच नाही. ज्याचा पाय दुखतो तो जसा टाकतो, तसा.

ते पाऊल कोणाचं हे तिला विचारायला लागलं नाही. जन्माला आल्यापासून तिनं ते पाऊल धुतलं होतं, त्याला तेल लावलं होतं. घरात दुसरं होतं कोण? तिनं घाईघाईनं हातानं राख पुसली. कोणी बघू नये म्हणून पुसली की आपल्यालाच दिसू नये म्हणून, ते तिलाही कळलं नाही.

आणि मग एकेक लक्षात यायला लागलं. डब्यातली हळद कमी होते. कण्यांचं मडकं उतरतंय. जुन्या लुगड्याचा काठ फाडून नेलाय कोणीतरी. परसातल्या सीताफळीच्या खालच्या फांद्या ओरबाडलेल्या. आणि अंजिरा? दुपार झाली की "शेण्या बगून येते" म्हणायची आणि धुक्यात जायची. आली की उजवा पाय अंगाखाली घेऊन बसायची. "बगू गं पाय," म्हटलं की "बरा हाय" म्हणून लुगडं खाली ओढायची.

एका दुपारी धुरपदा तिच्या मागं गेली. धुक्यात पुढं एक आकृती दिसत होती. उंच, वाकलेली. चालत होती — टक्... खर्र. टक्... खर्र. प्रत्येक पावलाला मान पुढं, मान मागं. अगदी कोंबड्याची चाल!

धुरपदा वाटेतच उभी राहिली. तिनं हाक मारली, "अंजिरा!"

आकृती थांबली. वळली नाही. आणि तिथून उत्तर आलं —

"कु-कु-च्—"

धुरपदा जी पळाली ती सिदबाच्या दारात जाऊन पडली. सगळं सांगितलं. सिदबाचा चेहरा उतरला. म्हणाला, "कुनीतरी त्याला बरा करतंय. जसा त्यो बरा हुईल, तसं दुखणं पोरीकडं सरकंल. धुरपदे, त्यो बरा व्हायच्या आत त्याची मान काप. शिवंवर."

"म्या?"

"दोरा ज्यानं बांधला त्यानंच."

ऐका मंडळी, आता नीट ऐका. पेंगणाऱ्याला शेजाऱ्यानं हलवा!

धुरपदेनं विळा घेतला, पदराखाली झाकला आणि शिवेकडे निघाली. धुकं इतकं की स्वतःचे पाय दिसत नव्हते. ती आवाजावर चालत होती. शिवेच्या दगडाजवळ एक पडका गोठा होता, त्याचे धनी केव्हाच वाडी सोडून गेलेले. आतून आवाज येत होता. कोणीतरी हळूहळू बोलत होतं.

"सोस रं. उलीसं ऱ्हायलंय. सोस."

तिनं आत डोकावलं. अंजिरा भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर सरदार. शेजारी वाटीत हळदीचं पाणी, सीताफळीचा वाटलेला पाला, लुगड्याच्या काठाच्या चिंध्या. पाठीवरच्या जखमेतल्या अळ्या तिनं पाल्याच्या रसानं बाहेर काढल्या होत्या, जखमेवर हळद-तेल थापलं होतं. नवी कातडी धरायला लागली होती. तुऱ्याची जखम सुकली होती. बांबूची काडी लावून मोडलेला पंख सारखा बांधला होता. दवाखान्यातल्या नर्सनं तिच्या पायाचं जसं केलं, ते तिनं पडल्या पडल्या बघितलेलं! फक्त तो उजवा पाय तसाच होता. फुगलेला, काळा.

अंजिरानं मान वर केली. घाबरली नाही. आईच्या पदराखालून विळ्याचं टोक बाहेर आलं होतं, ते तिनं बघितलं.

"आलीस?" ती म्हणाली. "मी वाट बगत हुते."

"अंजिरे, सोड त्याला! खाली ठिव! तुला ठावं न्हाई त्यो काय हाय ते!"

"ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"त्या सांजंला मी झोपले नव्हते, आये. तू त्याला माझ्यावरनं ओवाळलंस, तवा मी जागी हुते. डोळे मिटून पडले हुते." तिनं सरदाराला जवळ घेतलं. "त्याचं पाय माझ्या तोंडाला लागलं. मला कळलं तू काय करतीस. आन् मी गप ऱ्हायले. मलाबी जगायचं हुतं."

धुरपदा त्यांच्या समोर खाली बसली.

"मग त्याची बांग आली. अर्धी. मला वाटलं, उरल्याली मी खाल्ली." अंजिरा त्याच्या मानेवरनं हात फिरवत होती. "सगळं केलं मी त्याचं. अळ्या काढल्या. रोज चालवते त्याला, मीबी त्याच्याच चालीनं. पन दोरा तसाच हाय."

"का ठिवलास? का न्हाई तोडलास?"

"तो तू बांधलाईस."

बाहेर पाणी ठिबकत होतं.

"माझ्यासाठी बांधलास," अंजिरा म्हणाली. "मी तोडला तर चोरी हुईल. तूच तोड. दुखणं माझ्याकडं आलं तर येऊ दे. माझंच हाय ते."

सांगा मंडळी! हातात विळा एकच! मान कापायची तर लेक वाचते, असं भगत म्हणतो. दोरा कापायचा तर दुखणं लेकीकडे येतं, असंही भगतच म्हणतो. आणि समोर लेक बसलीय, कोंबडा पुढं धरून! आईनं करावं काय? ती देवाला हाक मारत होती आणि देव बोलत नव्हता. सरदारानं मान वळवली, आणि त्या एका डोळ्यानं तिच्याकडे बघितलं. दाराच्या फटीतून बघायचा तसा.

तिनं विळा पुढं केला. डाव्या हातानं त्याचा पाय धरला. हात ओळखीचा! त्यानं झटापट केली नाही. आताही नाही! विळ्याचं टोक तिनं त्या फुगलेल्या मांसात, अगदी अलगद, दोऱ्याखाली घातलं.

आणि ओढलं.

दोरा तुटला. पू आणि रक्त उसळून तिच्या मनगटावर आलं. सरदार किंचाळला — आणि त्याच क्षणी अंजिरा किंचाळली! दोघांचा आवाज एक! धुरपदेला कळेना कोणता कोणाचा. अंजिरा उजवा पाय धरून आडवी झाली. धुरपदेनं तिचं लुगडं घोट्यावरून वर केलं. घोट्याच्या वर, जखमेच्या खाली, पायाभोवती गोल, खोल वळ होता. दोरा बांधून ठेवल्यासारखा.

आता, मी म्हणत नाही तो कसला. दवाखान्याची पट्टी पोरगी घट्ट बांधत असेल, तिचा असेल. जखम भरायच्या आत धुक्यात, ओल्यात रोज चालली, त्यानं पाय पुन्हा सुजला असेल. असेल! मी तिथं नव्हतो. तुम्ही ठरवा.

धुरपदेनं विळा तिथंच टाकला. एका खांद्यावर लेकीचा हात घेतला, पदरात सरदाराला गुंडाळलं, आणि निघाली घराकडे. धुक्यातून आवाज येत होते, तीन पाय टेकल्याचे आणि एक ओढल्याचा. दारापाशी आली. उंबऱ्यावर राखेची रेघ. ती थांबली. पदरात ते पाखरू धडधडत होतं. खांद्यावर लेक तापायला लागली होती, तिचा हात भाजत होता.

उंबऱ्याच्या आत घेऊ नको!

धुरपदेनं पायानं राख पुसली आणि दोघांना आत घेतलं.

त्या संध्याकाळी अंजिराला ताप भरला. वाडीतल्या बाया दारातूनच बघून गेल्या. "बगा, आलं परत." सिदबा आला, अंगणात उभा राहिला आणि तसाच गेला. धुरपदेनं कोणाकडे बघितलं नाही. चुलीवर पाणी ठेवलं. एका बाजूला लेकीचा पाय शेकायचा, एका बाजूला डालग्यातल्या सरदाराचा. इकडं गोळी, तिकडं चमच्यानं पाणी. इकडची पट्टी, तिकडची चिंधी. ती दोघांच्या मध्ये बसून राहिली. सकाळी बैलगाडी जोडून लेकीला पुन्हा खाली नेली. डॉक्टरनं आईला धारेवर धरलं. "चालू नको सांगितलं होतं ना? पाय जायचा होता पोरीचा!" धुरपदा म्हणाली, "व्हय साहेब." दुसरं काय म्हणणार! इंजेक्शन घेऊन घरी आणली आणि पुन्हा दोघांच्या मध्ये बसली.

सरदाराची बोटं वाळली. काळी पडली आणि गळून गेली. पाय राहिला, पण नुसता खुंट. अंजिराचा ताप मात्र हटत नव्हता. धुरपदेला वाटायला लागलं, आपण दोरा कापला तो लेकीचा कापला.

आणि एका पहाटे, झुंजूमुंजू होताना, तिचा बसल्या बसल्या डोळा लागला होता. डालगं हललं. सरदार उठून उभा राहिला — एका पायावर आणि एका खुंटावर. मान उंच केली. धुरपदा जागी झाली आणि श्वास धरून बसली. आता अर्धीच देणार, तिला वाटलं. पुन्हा अर्धीच.

"—च्-कुऽऽऽऽ!"

काय आलं, कळलं का मंडळी? पहिला अर्धा नाही! नुसता उरलेला अर्धा! त्या दुपारी धुक्यात राहिलेला! तो दिला आणि खाली बसला. वाडीत जाग आली, दारं उघडली. ती म्हातारी बाहेर येऊन आभाळाकडे बघत उभी राहिली.

धुरपदेनं लेकीच्या कपाळाला हात लावला. कपाळ घामानं ओलं आणि गार होतं. अंजिरानं डोळे उघडले. म्हणाली, "झाली पुरी." आणि परत झोपली, निवांत.

पोरगी वाचली. पण चालताना उजवा पाय थोडा ओढायची, जन्मभर. सरदारही. आणि धुरपदा — हे वाडीत आधी कोणाला माहीत नव्हतं. त्या पहाटेनंतर तिचाही उजवा पाय दुखायला लागला. घोट्याच्या वर. ना काटा, ना सूज, ना जखम. धुकं उतरलं की दुखायचा. तिनं कोणाला सांगितलं नाही, सिदबाकडेही गेली नाही. पण अंजिरा रोज संध्याकाळी वाटीत तेल गरम करून आणायची आणि विचारल्याशिवाय आईच्या त्याच पायाला लावायची. एकाचं दुखणं होतं, ते तिघांत वाटलं गेलं होतं. म्हणून ते तिघांनाही झेपलं.

पुढं श्रावणात, गच्च धुक्याच्या दुपारी, जांभूळखोलातली माणसं घरात बसून ऐकायची. टक्... खर्र. टक्... खर्र. टक्... खर्र. तीन चाली एका वाटेनं जायच्या. कोणी दार लावून घ्यायचं नाही.

तर मंडळी, माझा प्रश्न तसाच आहे. टाकता येतं का?

धुरपदेला हसू नका. तिनं निदान दोरा आपल्या हातानं बांधला आणि आपल्या हातानं तोडला. आपलं काय? आपण भगताकडेही जात नाही, आपण शिकलेले! पण घरात दुखणं आलं, अडचण आली, की कोणाच्या तरी पायात दोरा बांधतोच. जो हातचं खातो त्याच्याच. जो झटापट करत नाही त्याच्याच! धाकटा भाऊ गप्प बसतो, बांध त्याला. आई काही बोलत नाही, ठेव तिला मागच्या खोलीत. सून परक्याची आहे, सोसेल. बांधला दोरा, सोडला शिवेवर, आणि म्हणतो, माझा ताप उतरला! तो दोरा तिकडं रोज आवळतोय, त्याचं काय? आणि माझ्या अंजिरासारखे तुम्ही — ज्यांनी बांधला नाही, पण डोळे मिटून पडून राहिलात — तुम्हाला काय वाटतं, तुम्ही झोपला होता म्हणून सुटलात?

आता कीर्तन संपेल, तुम्ही घरी जाल. वाटेत तिठा लागेल. उतारा सोडणाऱ्याला सांगतात, मागं वळून बघू नको. मी तुम्हाला उलटं सांगतो. बघा! आज वळून बघा. कोणीतरी मागं येत असेल, हळूहळू, एक पाय ओढत. त्याला दगड मारू नका. थांबा त्याच्यासाठी. त्याच्या चालीनं चाला, आणि उंबऱ्याच्या आत घ्या.

टाळ थांबवा, माऊली. मृदंगावर हात ठेवा.

ऐका... शिवेच्या बाजूनं...

बांग अर्धीच होती ना? मग उठा. उरलेली तुमच्या दारात यायचीय.